काहीही न घातलेली वाईन

एम.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती वाईनच्या कारखान्यात. शहराबाहेर माळावर तो नुकताच उभा राहिला होता आणि त्यांना लॅबसाठी मायक्रोबायोलॉजी शिकलेलं माणूस हवं होतं. कन्नडला घरी हे कळलं तेव्हा वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चुलते मात्र चारचौघांत बोलले. "आपल्या घरातली पोरगी आता दारू गाळणार व्हय?"

माझा भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. तो दारात उभा राहून चपलेची माती झटकत होता. तिथूनच म्हणाला, "गाळत नाय काका, तपासती. दवाखान्यात रक्त तपासणारी बाई काय रक्त पिती का?"

विषय तिथंच संपला. रुजू व्हायच्या दिवशी तो मला मोटारसायकलवर सोडायला आला. गेटवरच्या वॉचमनला उगाच दहा प्रश्न विचारले, टाक्या लांबून बघितल्या, आणि जाताना म्हणाला, "संध्याकाळी एसटी चुकली तर फोन कर. मी येतो." कन्नडहून शहर साठेक किलोमीटर. मला त्या वर्षी तीनदा एसटी चुकली आणि तिन्ही वेळा तो आला.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते अशा भावाच्या बाबतीत झालं.

माझ्या नोकरीमुळंच दादानं दोन एकर वाईनची द्राक्षं लावली. शिराझ. लहान, काळी, जाड सालीची. खायला गेलं तर बियाच जास्त. कारखाना ती घ्यायचा. बाग दादाची म्हणायची, पण त्यात निम्मं काम वहिनीचं होतं. फवारणीच्या दिवशी ड्रममध्ये औषध कालवायची ती, नळी धरून दादाच्या मागं ओळीओळीनं फिरायची ती, आणि संध्याकाळी त्याचे औषधानं ताठ झालेले कपडे हातानं धुवायची तीच. तोंडाला ओढणी बांधायची, एवढंच. आम्ही कुणीच कधी काही म्हटलं नाही. मी तर शिकलेली होते, मीही नाही.

वहिनी रक्ताच्या कॅन्सरनं गेली. चौदा महिने चाललं. दादा शहरात माझ्याच घरी राहायचा, सकाळी डबा घेऊन हॉस्पिटलला जायचा. तिनं शेवटी शेवटी खाणं सोडलं होतं, तरी तो डबा न्यायचा.

ती गेल्यानंतरच्या छाटणीला त्यानं फवारणीचा पंप विकून टाकला. मी विचारलं तर म्हणाला, "आता बागेवर काही मारायचं नाय. काहीच नाय."

"दादा, औषधामुळंच झालं असं कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनीसुद्धा तसं सांगितलं नाही."

"तुला नाय सांगता येत. मला येतं," तो म्हणाला.

पहिल्या वर्षी भुरी रोगानं बाग पांढरी झाली. हातात काही आलं नाही. दुसऱ्या वर्षी शेण, गोमूत्र, निंबोळी असं करत तिसरा हिस्सा द्राक्ष आलं. आमच्या कारखान्यानं ते नाकारलं. मीच तपासून नाकारलं होतं. घडात कुजके मणी होते. दादानं ते निमूटपणे परत नेलं, आणि आठवड्यानं लॅबमध्ये येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला.

"मला माझी वाईन करायची," तो म्हणाला. "तुझ्या मालकाशी बोललो. पुढच्या हंगामाला एक टाकी भाड्यानं देतो म्हणालाय. द्राक्ष माझं, मी निवडून आणीन. पण त्यात काही घालायचं नाय."

"काही म्हणजे?"

"ते तू पुड्यातनं टाकतीस ते यीस्ट नाय. ती पांढरी पावडर नाय. द्राक्ष आणि टाकी. बास."

पांढरी पावडर म्हणजे केएमएस. लोणच्याच्या, सरबताच्या कारखान्यातही वापरतात. पाण्यात विरघळली की गंधकाचा उग्र वास येतो, आणि वाईन नासवणारे जंतू तिनं थांबतात. मला ती शिकवलीच गेली होती पहिल्या दिवशी.

त्या स्टुलावर बसून दादा आणि मी जे भांडलो, ते नंतर दोन वर्षं भांडत होतो. तो फोनवर कुठले कुठले व्हिडिओ बघायचा. परदेशात लोक अशी वाईन करतात, पुण्यात एक बाई फक्त असलीच वाईन विकते, तिच्याशी त्याचं बोलणंही झालं होतं. मी म्हणायचे, द्राक्षाच्या सालीवर जी राखेसारखी पांढुरकी लव असते, तिच्यात यीस्ट असतंच हे खरं, पण तिच्यात दुसरंही बरंच काही असतं. त्यातलं कोण जिंकेल ते आपल्या हातात नसतं. आणि आपला फेब्रुवारी-मार्च म्हणजे काय फ्रान्सची थंडी नव्हे.

"द्राक्षाच्या रसाला वाईन व्हायचंच नसतं, दादा," मी एकदा म्हटलं. "त्याला व्हिनेगर व्हायचं असतं. मधेच आपण त्याला थांबवतो, तेवढीच वाईन."

तो हसला. "मग होऊ दे व्हिनेगर. खरं तर होईल."

मी म्हणायचे, गंधक काय आज आलंय का, मनुक्यांत असतं, जर्दाळूत असतं, आणि काही न घालताही वाईन स्वतः थोडं तयार करते. तो म्हणायचा, तिनं केलं ते तिचं, आपण घातलं ते आपलं. मला वाटायचं हा वेडेपणा आहे. त्याला वाटायचं मी पगाराची भाषा बोलते. दोघंही आवाज न चढवता बोलायचो, कारण दोघांनाही माहीत होतं की वाईनच्या खाली दुसरंच काहीतरी आहे.

पहिल्या हंगामाला चार बायका आणि तो स्वतः, अशा पाच जणांनी मणी न् मणी निवडला. कुजका एक आत जाऊ दिला नाही. मी टाकीला हात लावायचा नाही, फक्त तपासायचं, असं ठरलं होतं. तो रोज कन्नडहून यायचा, शिडीवर चढून वर आलेला चोथा लाकडी दांड्यानं खाली दाबायचा. तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी टाकी उकळायला लागली. त्यानं मला हाताला धरून शिडीवर नेलं आणि म्हणाला, "ऐक." आत बारीक सरसर आवाज येत होता, पत्र्यावर पावसाची भुरभुर पडावी तसा.

ती वाईन चांगली झाली. गढूळ होती, बाटलीच्या तळाशी गाळ बसायचा, पण तिला जांभळाचा आणि ओल्या मातीचा असा एक वास होता जो आमच्या कारखान्याच्या कुठल्याच वाईनला नव्हता. मी तसं त्याला सांगितलं. मला ते सांगायला जड गेलं नाही. खरं तर मला आनंदच झाला. पुण्याच्या बाईंनी सगळ्या बाटल्या घेतल्या. दादानं शहागंजातल्या एका जुन्या छापखान्यातून लेबलं करून घेतली होती, साध्या खाकी कागदाची. त्यावर द्राक्षाचं नाव, गावाचं नाव, आणि खाली एक ओळ: यात काहीही घातलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी मार्चच्या पहिल्याच आठवड्यात ऊन असं पेटलं की माळावर दुपारी माणूस दिसेना. टाकी भरून नववा दिवस होता. दादा कन्नडला होता; वहिनीचं श्राद्ध होतं. मीही जाणार होते, पण त्याच दिवशी सकाळी कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. जनरेटरवर मोठ्या टाक्या थंड ठेवल्या गेल्या. भाड्याची टाकी शेवटी.

दुपारी मी टाकीचं झाकण उघडलं तेव्हा वास आला. नेलपॉलिशसारखा, डोळ्यांत जाणारा. नमुना काढून तपासला. आंबटपणा आदल्या दिवसापेक्षा चढला होता. दोन तासांनी पुन्हा तपासला. आणखी चढला होता. ही वाट कुठं जाते ते मला पाठ होतं. संध्याकाळपर्यंत काही केलं तर वाईन वाचणार होती, नाहीतर नाही.

मी दादाला फोन केला. मागं भटजींचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. आंबटपणा किती, वेळ किती, पावडर किती थोडी लागेल.

"नाय," तो म्हणाला.

"दादा, सगळं जाईल. वर्षाची मेहनत."

"जाऊ दे. काय व्हायचं ते होऊ दे. पण घालू नको काही." मग म्हणाला, "आज तर नकोच."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी काय विचार केला ते मी नंतर खूप वेळा आठवून बघितलं. मोठा असा काही विचार केला नव्हता. मला तो शिडीवर चोथा दाबताना दिसत होता. त्याची पाठ दिसत होती, गेल्या दोन वर्षांत वाकलेली. वाटलं, बायको गेली, एका वर्षाची बाग गेली, आता हेही गेलं तर हा माणूस उठायचा नाही. आणि हेही खरं की माझ्या हातात उपाय असताना डोळ्यांदेखत वाईन नासू देणं मला जमणारं नव्हतं. वीस वर्षं मी तेच काम केलं होतं. यातलं कोणतं कारण पुढं होतं आणि कोणतं मागं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मी पावडर तोलली, पाण्यात विरघळवली आणि शिडी चढून टाकीत ओतली. दादाच्याच दांड्यानं ढवळली. लॅबच्या वहीत त्या दिवसाच्या रकान्यात फक्त तापमान लिहिलं.

वाईन वाचली. दुसऱ्या दिवशी दादा आला, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. "कालच्यापेक्षा बरी हाय म्हणतीस?"

"सावरली," मी म्हटलं.

"आपोआप?"

"होतं कधीकधी तसं."

त्यानं टाकीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "आपण मधी पडलो नाय म्हणून सावरली," तो म्हणाला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. नंतर प्रत्येक दिवशी बोलणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं.

ती बाटल्यांत भरली गेली तेव्हा कारखान्याच्या अंगणात त्यानं पंचवीस-तीस लोकांना बोलावलं. पुण्याच्या बाई आल्या होत्या, गावाकडचे दोन-तीन बागायतदार, शहरातले काही हौशी लोक. दादा चार माणसांत बोलणारा नव्हे. पण त्या दिवशी ग्लास हातात घेऊन तो उभा राहिला आणि वहिनीविषयी बोलला. ती औषध कशी कालवायची, कपडे कसे धुवायची, तिला काय झालं. "ह्या टाकीनं तिच्या श्राद्धादिवशी दम तोडला होता," तो म्हणाला. "माझी बहीण इथं होती, तिनं फोन केला. मी म्हणालो, काही घालू नको. आणि ती स्वतःच उभी राहिली." 'ती' म्हणताना त्याला टाकी म्हणायची होती की वहिनी, कुणास ठाऊक. पुण्याच्या बाईंनी डोळे पुसले. मी मागं खुर्च्या मोजत उभी होते.

तीन महिन्यांनी दादाला पुण्याच्या बाईंचा फोन आला. एका बाईंना दम्याचा त्रास होता, गंधकानं त्यांचा श्वास कोंडायचा. वाईन त्यांनी कधीच सोडली होती. दादाचं लेबल वाचून आणि दुकानदार बाईंच्या भरवशावर त्यांनी अर्धा ग्लास घेतला, आणि त्यांना रात्रीतून हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. दोन दिवसांनी त्या घरी आल्या. दुकानदार बाईंनी बाटली पुण्यातल्या एका लॅबला पाठवली. अहवाल आला. वाईन आपली आपण जितकं गंधक बनवते, त्याच्या कितीतरी पट होतं.

दादानं अहवाल मानला नाही. दुकानदार बाईंशी तो फोनवर भांडला. तुमची बाटली बदलली असेल, लॅबवाले विकले गेले असतील, असं काय काय म्हणाला. ज्या बाईंना तो मानायचा त्यांनाच. मग मोटारसायकल काढून सरळ माझ्याकडं आला. लॅबचं दार ढकलून आत आला आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

"तू सांग त्यांना. तू रोज तपासत होतीस. तुझ्या सहीनं लिहून दे."

मी कागद वाचला. आकडा बरोबर होता. मी तोललेल्या पावडरशी जुळणारा.

"दादा, अहवाल खरा आहे," मी म्हटलं. "मी घातली होती."

तो स्टुलावर बसला. बाहेर बाटल्या धुवायचं मशीन चालू होतं, त्याचा खडखडाट येत होता.

"कधी?"

"त्याच दिवशी."

"फोनच्या आधी का नंतर?"

मला खोटं बोलायची एक शेवटची संधी होती. "नंतर," मी म्हटलं.

"म्हणजे मी नाय म्हणल्यावर."

"हो."

त्यानं मान हलवली, जणू एखादा हिशोब त्याला आता लागला. "मी तिच्या नावानं बोललो त्या दिवशी. तू तिथंच उभी होतीस." एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी म्हणू शकले असते.

माझं नाव त्यानं कुणालाच सांगितलं नाही. दुकानदार बाईंना, बाटली घेतलेल्या प्रत्येकाला त्यानं कळवलं की चूक त्याची, त्याच्याच हातून झाली. ज्या बाईंना त्रास झाला त्यांना मी नंतर फोन केला. माझी ओळख दिली, मीच घातली होती हे सांगितलं, माफी मागितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्या भावाचा फोन येऊन गेला. ते फार रडत होते हो. मला वाटलं, आजारी मी होते की ते." शेवटी म्हणाल्या, "मला तुमचं काही नकोय. फक्त माणूस विश्वासानं तोंडाला लावतो, एवढं लक्षात ठेवा."

उरलेल्या बाटल्या परत आल्या. उत्पादन शुल्क खात्याच्या माणसासमोर त्या ओतून द्यायच्या होत्या. मी म्हटलं, लेबल बदलून विकता येईल, माल चांगला आहे. दादानं स्वतःच्या हातानं एकेक बाटली उघडून कारखान्यामागच्या नालीत ओतली. दुपारभर ते चाललं. सगळ्या माळावर तो जांभळाचा वास पसरला. ती खरोखर चांगली वाईन होती. मी वाचवलेली. आणि मी खिडकीत उभी राहून ती मातीत जाताना बघत होते.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं बाग काढली. मला कुणी सांगितलं नाही. दिवाळीला गेले तेव्हा दिसलं. तारा, खांब सगळं गेलेलं, आणि दोन एकरांत आलं लावलेलं. बांधावर औषधाचे रिकामे डबे पडले होते. मी त्यांच्याकडं बघितलेलं त्यानं बघितलं.

"आल्याला मारावंच लागतं," तो म्हणाला. "सड लागती नायतर."

भाऊबीजेला तो पाटावर बसला, ओवाळून घेतलं, ताटात साडी ठेवली, पोटभर जेवला. मुलांची चौकशी केली. माझ्या तब्येतीची केली. आमच्यात भांडण आहे असं बघणाऱ्याला वाटलंच नसतं. पूर्वी बियाणं घ्यायचं असलं, मुलाला कुठल्या कॉलेजात घालायचं असलं, ट्रॅक्टर घ्यावा का भाड्यानं आणावा, प्रत्येक गोष्टीला फोन यायचा: "तुला काय वाटतं?" ते तीन शब्द त्यानं परत कधी उच्चारले नाहीत.

लोक मला अजून विचारतात, काही न घातलेली वाईन खरंच वेगळी असते का, की नुसतं फॅड आहे. लॅबमध्ये शिकायला येणारी मुलं तर हमखास विचारतात, आणि त्यांच्यात दोन तट पडतात. मी दोन्ही बाजू सांगते. दादाची पहिल्या वर्षाची वाईन कशी होती ते सांगते. दुसऱ्या वर्षी टाकीत काय चाललं होतं तेही सांगते, आकड्यांसकट. रसायनशास्त्र म्हणून मी त्या दिवशी बरोबरच होते, यात मला आजही शंका नाही. ते तिथवर सांगून मी थांबते.

या हिवाळ्यात दादाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याचा मुलगा बंगळुरात, त्याला सुट्टी मिळेना, म्हणून दादाला मी शहरात माझ्याकडं आणलं. वहिनीच्या आजारपणानंतर तो पहिल्यांदाच मुक्कामाला आला होता. दर तीन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे होते, दोन वेगवेगळ्या बाटल्यांतले. मी बाटली घेऊन जवळ गेले की तो उताणा पडल्या पडल्या हात वर करायचा.

"कोणतं हे?"

मी नाव सांगायचे. तो बाटली मागून घ्यायचा, चांगल्या डोळ्याजवळ धरून वाचायचा, आणि मगच परत द्यायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, ऑपरेशनची भीती असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यानं हात वर करायच्या आधीच मी बाटली त्याच्या हातात द्यायला लागले.

पाचव्या दिवशी सकाळी त्यानं हात वर केला नाही. डोळा उघडा धरून नुसता पडून राहिला. मी तरीही नाव सांगितलं, मोठ्यानं, आणि मग थेंब घातला. त्यानं डोळा मिटला, कडेनं ओघळलेलं पाणी मी कापसानं टिपलं, आणि तो म्हणाला, "चहा टाक."